डाव्या हाताचा टाका

“थांब. सुई खाली ठेव.”

सुई तिच्या डाव्या हातात होती. टेबलावर एक रंगारी भूल देऊन निजवलेला होता. आतड्याचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. पोट शिवायचं तेवढं उरलं होतं, आणि ते तिच्यासारख्या शिकाऊ डॉक्टरांचं काम.

“किती वेळा सांगायचं? सुई उजव्या हातात,” मोठे सर म्हणाले. “काठापासून अर्धा सेंटिमीटर, दोन टाक्यांमध्ये अर्धा सेंटिमीटर. हा माणूस उद्या खोकेल, काही महिन्यांनी शिडीवर चढेल. तुझा टाका ढिला पडला तर पोट उसवेल त्याचं.”

ती जन्माची डावखुरी. तिने सुईचा चिमटा उजव्या हातात घेतला. पुढचे चार टाके असे पडले, की सिस्टरनेही मान फिरवली. सरांनी चिमटा तिच्याकडून घेतला, चारही टाके उसवले आणि पोट स्वतःच शिवलं.

असं तिसऱ्यांदा घडत होतं. खोलीवर जुन्या उशीवर ती डाव्या हाताने रेघ मारल्यासारखे टाके घालायची. पण इथे चिमट्याचा खटका उजव्या हातानेच सुटेल असा, टेबलाची मांडणी उजव्यांची, आणि सरही उजवेच. बरोबरची पोरं तर तिला ‘उलटा टाका’ म्हणूनच हाक मारायची.

दुपारी तिने घरी फोन लावला. “आई, मी सोडतेय हे सगळं.”

आई म्हणाली, “सोड. पण चोरासारखी पळून येऊ नकोस. सरांना तोंडावर सांग आणि मग ये.”

सर केबिनमध्ये नव्हते. शिपाई म्हणाला, “सरावाच्या खोलीत बघा. हल्ली जेवणाच्या सुट्टीत रोज तिथेच बसतात. डबाही तसाच परत जातो.”

दार अर्धवट उघडं होतं. सर पाठमोरे बसले होते. पुढ्यात सरावाचा रबरी तुकडा, त्यावर वेडेवाकडे टाके. एक इथे, एक तिथे. पहिल्या वर्षाच्या पोरानेही असे घातले नसते. ती दोन पावलं पुढे गेली, तेव्हा दिसलं. चिमटा सरांच्या डाव्या हातात होता, आणि काही केल्या उघडत नव्हता.

“अंगठा बाहेर ढकलू नका, सर,” तिच्या तोंडून निघून गेलं. “आत ओढा.”

चिमटा कट्कन उघडला. सर दचकले. मग ओशाळून हसले.

“लोक म्हणतात, डाव्या हातचा मळ! तीन आठवडे झाले, एक टाका धड पडेना.” त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. “तुझ्याआधी दोन डावखुरे माझ्याकडचं शिक्षण सोडून गेले. मला वाटायचं, त्यांना शिकता येत नाही.”

ती उभीच होती.

“जे मला शिकवता येत नाही, ते रोग्याच्या पोटावर कसं करू देऊ तुला?” सरांनी शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. “बस. सोमवारचं पोट तू शिवायचंस, डाव्या हाताने. त्याआधी मला शिकव.”