निमगावचा लकी डोळा

“डोळ्याला हात लावायचा न्हाय, डॉक्टरीणबाई,” हिंदुराव म्हणाले. “बाकी नात तुमचीच हाय. उंची मोजा, वजन करा, दात मोजा.”

राजलक्ष्मी डोळ्यांचीच डॉक्टर होती. दातांचा तिला काही उपयोग नव्हता. बारामतीच्या रुग्णालयात तिरळ्या मुलांवर तिचं संशोधन चालू होतं. इंदापूर तालुक्यातल्या अंगणवाड्या पालथ्या घालून तिनं एकोणचाळीस मुलं जमवली होती. चाळिसावी समोर स्टुलावर बसून पाय हलवत होती. छकुली, वय वर्षं पाच, मुक्काम निमगाव केतकी. उजवा डोळा डॉक्टरीणबाईंकडे, डावा स्वतःच्या नाकाकडे. मागच्या बाकावर आजी लीलाबाई आणि त्यांच्यासोबत जीप भरून आलेलं अर्धं गाव.

डावा डोळा नुसता वळलेला नव्हता, तो आळशी होत चालला होता. मेंदूनं त्याचं ऐकणं सोडलं होतं. उजवा झाकला की छकुलीला तक्त्यावरचा सगळ्यांत मोठा हत्ती तेवढा दिसायचा, तोही म्हैस म्हणून. आत्ता उपचार केले तर नजर परत येणार होती. आणखी दोन-तीन वर्षं गेली, की फार काही हाती लागणार नव्हतं.

राजलक्ष्मीनं हे चित्रं काढून समजावलं. हिंदुरावांनी टोपी काढून ऐकलं, टोपी घातली आणि मागं बाकाकडे पाहिलं.

“त्यो लकी डोळा हाय,” लीलाबाई म्हणाल्या. बाकानं मान हलवली.

त्या डोळ्याची कीर्ती मोठी होती. त्यानं पाहिलं आणि हिंदुरावांच्या बोअरला अडीच इंच पाणी लागलं. तेव्हापासून निमगावात नवा ट्रॅक्टर आधी हिंदुरावांच्या दारात यायचा, मग मालकाच्या. पानमळ्यात नवे वेल लावायचे तर छकुली बांधावर उभी पाहिजे. सोसायटीच्या निवडणुकीत दादासाहेबांनी अर्ज तिच्यासमोर धरला आणि निवडून आले. पडलेल्या उमेदवारानंही धरला होता, पण तो उजव्या डोळ्याच्या बाजूला उभा राहिला, असं गावाचं निदान होतं.

“उद्या डोळा सरळ झाला आन् कुनाची बोअर कोरडी गेली,” हिंदुराव म्हणाले, “तर गाव मला धरंल. आन् ही छकुलीची आजी तर मला घरातच घ्यायची न्हाय.”

राजलक्ष्मीनं छकुलीकडे पाहिलं. ती हत्तीच्या चित्रावरून बोट फिरवून त्याची शिंगं शोधत होती. राजलक्ष्मीनं साडेआठ वर्षांचं वैद्यकीय शिक्षण क्षणभर बाजूला ठेवलं.

“आजी, त्या डोळ्याला मी हातच लावत नाही. पट्टी लावायची ती उजव्या डोळ्यावर. रोज सहा तास.”

“साध्या डोळ्यावर?”

“साध्या. म्हणजे सहा तास नुसता लकी डोळाच उघडा.”

बाकावरची डोकी एकमेकांकडे वळली.

“निव्वळ लकी?” लीलाबाईंनी विचारलं.

“भेसळ नाही.”

लीलाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की एवढी साधी गोष्ट या माणसाला आजवर सुचली कशी नाही. हिंदुरावांनी खाली मान घातली.

पुढच्या सात महिन्यांत एकोणचाळीस मुलांनी पट्ट्या हरवल्या, भिजवल्या, एकानं शेळीला लावल्या. छकुलीची पट्टी सकाळी नऊला लागायची ती तीनलाच सुटायची, कारण नऊच्या आधीच ओट्यावर गावकऱ्यांची रांग लागलेली असायची. एखाद्या दिवशी उशीर झाला तर लोक ओरडायचे. जगातल्या कुठल्याही संशोधनात इतकी नियमित पट्टी कुणी लावली नसेल. याचं कारण अहवालात काय लिहावं, ते राजलक्ष्मीला कळेना. आपण विज्ञानाचा शिक्का अंधश्रद्धेवर मारला, एका भोळ्या म्हाताऱ्याला फसवलं, असं तिला राहून राहून वाटायचं.

आठव्या महिन्यात उजवा डोळा झाकून छकुलीनं तक्ता वाचला. हत्ती, ससा, चिमणी. मग अगदी खालची ओळ.

“मुंगी हाय. पर पाय पाचच काढल्यात.”

राजलक्ष्मीनं जवळ जाऊन मोजले. पाचच होते.

आता राहिली होती वळलेला डोळा सरळ करायची छोटी शस्त्रक्रिया. त्यासाठी तिनं दुसरी थाप तयार ठेवली होती. आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिली होती. पण पानमळ्यात वाढलेले वेल खाली उतरवायचं काम चालू असल्यानं लीलाबाई आल्या नव्हत्या, गावही आलं नव्हतं, आणि तिनं तोंड उघडायच्या आत हिंदुरावांनी संमतीपत्रावर सही ठोकली.

“आबा, डोळा सरळ होणार. कळतंय ना?”

“व्हय की. गावात सांगून आलोय, भाग्य आता दोनी डोळ्यांत सारखं वाटून देनार हायेत.”

“आणि पटलं?”

“न पटाय काय झालं?”

राजलक्ष्मीला राहवेना. “आबा, माफ करा. ते लकीबिकी मी तुम्हाला पटावं म्हणून बोलले. खोटंच होतं.”

“मला ठावं हाय,” हिंदुराव म्हणाले. छकुली दाराशी नर्सबाईंना तक्ता वाचायला लावत होती, तिकडे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला. “तीन वर्साची हुती तवा एका हळदीत बायांनी हिला मागं सारली. चकणी म्हनून. त्याच आठवड्यात आमच्या बोअरला पानी लागलं. मीच उठवलं गावात, ह्या डोळ्यानं लागलं म्हनून. मागं सारणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी आरती घिऊन दारात. पर पुढं गाव आसं इरंला पेटलं, की माझ्या नातीचा डोळा मलाच नीट करून घेता यीना.”

“मग आधीच कुणा डॉक्टरला गाठायचं होतं, आबा!”

“तीन झालं की. एक इंदापूरचा, दोन पुन्याचं. घरी आनून मंडळीम्होरं बसवलं.” हिंदुरावांनी पेनाला टोपण लावलं. “पर समदी खरंच सांगत हुती.”