दहा जणांचा साचा

दिला शब्द मोडण्यापेक्षा माणसाने जीव द्यावा, असं अमेरिकेत आयडाहोच्या एका नेमबाजी क्लबात मानतात. खिशातल्या चिमुकल्या पिस्तुलासाठी घरी शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा कारागीर खास कोरून देणार होता, पण एकेक साचा घेणारी दहा गिऱ्हाइकं असतील तरच. डेलमर दहावा. गोळीचं टोक गोल की चपटं, यावर शनिवारच्या कॉफीत दोन वर्षं वाद चालला. मध्येच डेलमरने पिस्तुलाच्या बदल्यात गवत कापायचं यंत्र घेतलं. पण आपण फुटलो तर नऊ जणांचा साचा बुडेल, म्हणून बिचारा चपट्या टोकासाठी तावातावाने भांडत राहिला.

ऑर्डरवर सह्या करायच्या दिवशी मात्र त्याचा धीर सुटला. "मंडळी, माझ्याकडे पिस्तूलच नाही."

"अरे लेका, आधी बोलायचंस ना!" म्हातारा ऑर्विल ओरडला. "मी माझं कधीच विकलं. तुझ्यासाठी अडकून बसलोय!"

"माझंही गेलं," "माझंही," करत उरलेल्या आठांनी कॉफीत नजरा बुडवल्या.

डेलमरचा चेहरा उजळला. "मग सोडून देऊ या की, ऑर्विलकाका!"

"कारागिराला शब्द दिलाय," ऑर्विलने पेन पुढे सरकवलं.



मे महिन्यात दहा साचे आले. टोक गोल आहे.