दोन ढीग

चांगुणाबाईने मिठातला हात वर काढलाच नाही. समोर मत्स्य-संशोधन केंद्राचा तोच साहेब टोपली घेऊन उभा होता.

मागच्या साली सुकवायचे ढोमे मासे ती हाताने चाचपून दोन ढिगांत निवडत होती. एकाला मीठ थोडं, दुसऱ्याला दुप्पट, नाहीतर किडे पडतात. "सगळी एकच जात आहे बाई, अडाणीपणा पुरे!" असं म्हणत यानेच कोळणींदेखत दोन्ही ढीग बुटाने एक करून सारखं मीठ लावायला लावलं होतं. निम्मा माल सडला, आणि खापर तिच्या डोक्यावर फुटलं.

"डीएनए तपासला," साहेब हळूच म्हणाला. "दिसायला सारखे, पण जाती खरंच दोन निघाल्या. यंत्राला आठ दिवस लागतात. तुम्ही एवढे ढोमे हाताने निवडून द्याल?"

"मोठ्यानं बोल. तिकडं बसलेल्या बायकांना ऐकू दे."

"अहवालात येईलच की," तो पुटपुटला. "त्यांना काय कळतंय!"

चांगुणाबाईने त्याची टोपली ओढून जमिनीवर पालथी केली आणि त्याच्या चकचकीत बुटाकडे बोट दाखवलं.

"ढीग पायानं एक केलेस ना? आता पायानंच वेगळे कर."