अत्यावश्यक

राष्ट्राध्यक्ष बदलले की जगाचा इतिहास बदलतो. वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत मात्र खुर्च्या मोजतात. सत्तांतराची जुळवाजुळव पाहणाऱ्या दातारांकडून नव्या मंडळींनी अत्यावश्यक कर्मचाऱ्यांची यादी मागवली. “पहिलं नाव स्वतःचं टाक,” बायकोने बजावलं. “आपलं नाव आपणच लिहायचं? बरं दिसतं का? पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर मला कोण विसरणार?” दातारांनी भांडूनतंडून एकोणचाळीस जणांच्या नोकऱ्या वाचवल्या. नव्या मंडळींच्या प्रमुख मॅडम खूश झाल्या. “मिस्टर दातार, इतकी चोख यादी कुठल्याच खात्याची नव्हती. तशीच मंजूर केली. यादीबाहेरच्यांनी आजच बॅज जमा करायचेत. ते काम कोण बघतं?” “मीच,” म्हणत दातारांनी गळ्यातला बॅज काढून ठेवला. मॅडमनी यादी वरून खाली वाचली. “तुमचंच नाव नाही! सॉरी, सही झालीय.” “हरकत नाही. यावरचा फोटो तेवढा कापून घेऊ का? त्यात डोक्यावर केस आहेत.”