साहेबाची शीळ

"पाचवी खुर्ची इथंच ठेवू ना?" वेटरनं विचारलं.

"ठेवा. येतीलच आता सगळे," ताई म्हणाली आणि काचेत बघून तिनं पुन्हा एकदा केस सारखे केले.

येणार होते त्या चौघांना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बातमीदार, उंट, मावशी आणि मौनी. चाहत्यांच्या ग्रुपवर खरी नावं चालत नसत. फोटो नाही, फोन नाही, फक्त साहेब. साहेब म्हणजे तो ब्रिटिश इंडी रॉक गायक, काडीसारखा किडकिडीत, कुठल्याही बड्या कंपनीच्या दावणीला न बांधलेला. गोरा म्हणून साहेब. त्याच्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीची शीळ प्रत्येकानं ग्रुपच्या मेसेजसाठी लावायची, हा तिथला पहिला नियम. ताईच्या फोनवरही तीच होती.

साहेबाचं वेड खरं तर तिच्या नवऱ्याचं. तो गेला आणि ताईनं तोंडाला कुलूप लावलं. चष्म्याच्या दुकानात जायचं, लोकांच्या फ्रेममध्ये काचा बसवायच्या, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं. ताटातलं तसंच राहायचं. शेवटी पाठच्या भावानं कुठून तरी हा ग्रुप शोधला आणि तिला त्यात घातलं. भावाचं लाडाचं नाव टिल्लू. आता सहा फुटी झालाय, मोबाइल दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान चालवतो, तरी टिल्लूच. "जा, त्या येड्यांच्या बाजारात बस जरा," म्हणाला. त्याला स्वतःला साहेबाचं गाणं कानाजवळ नको असे. दारात शेपटी अडकलेलं मांजर म्हणायचा तो साहेबाला.

येड्यांच्या बाजारात ताई रमली. बातमीदार सकाळी सकाळी वर्दी देई: साहेबानं दाढी काढली, साहेबाचा ड्रमर भांडून गेला. उंट नावाप्रमाणे सगळीकडून वाकडा. परवा नवं गाणं आलं, तर म्हणे याला आता स्टुडिओची नाही, मिठाच्या गुळण्यांची गरज आहे. ताई तावातावानं भांडली. मावशीनं मध्ये पडून दोघांना गप्प केलं. मौनी कधी एक शब्द लिहीत नसे, नुसता अंगठा.

रात्री जेवताना तिनं उंटानं केलेला साहेबाचा उद्धार टिल्लूला वाचून दाखवला.

"त्या उंटाला अक्कल आहे," टिल्लू म्हणाला आणि ताई पोट धरून हसली. हसताना तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तिनं हट्टच धरला. नवा अल्बम येतोय, सगळे एकत्र बसून ऐकू. किती दिवस अंधारात दगड मारायचे? चौघांनीही आढेवेढे घेतले. उंट म्हणाला, माझं तोंड बघण्यासारखं नाही. ताई हटेना. शेवटी मावशीनं लिहिलं, येतो गं सगळे. मौनीनं अंगठा दिला.

आज सकाळी टिल्लू चहाचा कप हातात घेऊन नुसता उभा होता.

"ताई, समज, नाही आलं कुणी तर?"

"का नाही येणार?"

"तसं नाही. पण माणसं ग्रुपवर एक असतात, समोर एक."

"तू तुझे मोबाइल उघडत बस. माझी माणसं मला ठाऊक आहेत."

तो काही बोलणार होता. मग कप विसळून ठेवला. दारातून वळून त्यानं विचारलं, "किती वाजता म्हणालीस?"

आता कॉफीवर साय धरली होती. ताईनं 'मी पोचले' असं टाकलं. मग 'कुठं आहात?' मग नुसतंच 'अहो?' ग्रुप ढिम्म. एरवी हिनं शिंकलं तरी चौघं धावत. आज अंगठासुद्धा नाही.

"मॅडम, दोन खुर्च्या नेऊ का? तिकडे गर्दी आहे."

"सगळ्याच न्या," ताई म्हणाली. शरमेनं तिचे कान तापले होते. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपचा नव्हे, हॉस्पिटलचा.

टिल्लूला गाडीनं उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. ताई पोचली तेव्हा त्याला ऑपरेशनला आत नेलं होतं.

"जिवाला धोका नाही," नर्स म्हणाली. "पण अजून शुद्ध नाही. नवाकोरा शर्ट होता हो अंगात, कापावा लागला."

"कुठं झालं हे?"

नर्सनं चौक सांगितला. कॅफेच्या पलीकडचाच. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, हा इकडे कशाला आला होता, ताईला उमगेना.

"आणि ही त्यांची पिशवी सांभाळा. मघा हिनं डोकं उठवलं होतं आमचं."

पिशवीत किल्ल्या, पाकीट आणि तडा गेलेले जुने फोन होते.

"दुरुस्तीला आलेले असतील," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकं लावत असतील."

ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली आणि मग तिला रडू आवरेना. चार परक्यांसाठी नटूनथटून बसले, आणि माझं सख्खं माणूस पलीकडच्या रस्त्यात पडलं होतं. सकाळी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही. तिला स्वतःची चीड आली, त्या चौघांची तर त्याहून जास्त.

तिनं फोन काढला आणि लिहिलं, 'तुमची वाट बघत बसले आणि तिकडे माझ्या भावाला गाडीनं उडवलं. त्याच्याशिवाय मला कुणी नाही, हे आज कळलं. तुमच्यातलं कुणीच माझं नव्हतं. निघते मी.'

डोळे पुसून तिनं मेसेज पाठवला.

मांडीवरच्या पिशवीत साहेबानं शीळ घातली. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. आणि जरा थांबून, चौथ्यांदा.