दहापैकी नऊ

चौथ्या कॉम्प्युटरनंही सीडी बाहेर ढकलली.

"परत पुस," ताई म्हणाली. "नीट पुस रे छोट्या."

त्यानं पुसली. मऊ फडक्यानं, आतून बाहेर, सरळ रेषेत, अगदी शास्त्राप्रमाणे. शास्त्राला त्याच्याकडे काय तोटा! कॉम्प्युटरच्या मासिकात तो परीक्षक होता. बाजारात नवा सीडी रायटर आला की आधी त्याच्या टेबलावर यायचा, आणि त्यानं बरा म्हटला तरच लोक खिशात हात घालायचे. चाचणीच्या या खोलीत भिंतभर मशिनं होती. एकालाही ती सीडी वाचता येत नव्हती.

सीडी त्यानंच बनवलेली. आई दवाखान्यात होती आणि दूरच्या गावी ताईला रजा मिळत नव्हती, तेव्हाची. आईनं त्याला ऑफिसचा कॅमेरा समोर लावायला सांगितला, आणि मग त्यालाच बाहेर काढलं. "दार लोटून घे. मला तिच्याशी एकटीला बोलायचंय." बराच वेळ बोलली. ताई पोचली ती सगळं आटोपल्यावर. सीडी तिनं घेतली, कपाटात ठेवली, आणि वर्षभर तिला ती लावायचा धीर झाला नाही. काल झाला. आज पहिल्या गाडीनं ती इथं हजर.

"तू मला दिलीस तेव्हा चालत होती ना?"

"म्हणजे काय! याच टेबलावर तपासली होती मी. स्वतः."

"कशात घालून तपासलीस?"

तो उत्तर द्यायला गेला, आणि मग त्याला आठवलं.

त्या आठवड्यात एका रायटरची चाचणी चालली होती. सीडी भरायला लांबलचक काहीतरी हवंच होतं, आणि आईचं बोलणं आयतं हाताशी. एका दगडात दोन पक्षी! त्यानं स्टॉपवॉच लावलं, रायटरनं बघता बघता सीडी लिहून टाकली, आणि हा खूश. वा रे पठ्ठ्या! मग नीट उमटलंय की नाही बघायला सीडी पुन्हा त्याच रायटरमध्ये सरकवली. सगळे तसंच करायचे. दुसऱ्या मशिनात घालायची तर खुर्चीतून उठावं लागतं. अहो, पण ज्याचं अक्षर गिचमिड, त्याला स्वतःचं लिहिलेलं वाचता येतंच की! दुसऱ्यानं वाचून दाखवलं तर खरं. इतकं साधं, पण इतक्या वर्षांत मेल्याला सुचलं नाही.

"त्या रायटरचं लिहिणंच वाकडं असणार," तो म्हणाला. "त्याचं त्यालाच तेवढं वाचता येणार."

"मग आण तो."

"कंपनीला परत गेला."

"मग फोन कर की!"

त्यानं तिच्यासमोरच केला, स्पीकर लावून. कंपनीच्या माणसाला कोण आनंद झाला! "साहेब, तुमच्या लेखानं आमचा माल हातोहात खपला बघा. तो नमुना? तो कधीच भंगारात गेला. परत आलेले नमुने आम्ही फोडूनच टाकतो. एक नवा पाठवू का? आमच्याकडून भेट."

ताईनं आशेनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. खोट त्या एकाच नगात होती. नवा रायटर लिहिणार सरळ आणि वाचणारही सरळच.

"आणि मूळचं? कॅमेऱ्यातलं, कॉम्प्युटरमधलं?"

"पुसलं. पुढच्या चाचणीआधी सगळं कोरं करावं लागतं. पद्धतच आहे तशी." बोलून झाल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

ताई खुर्चीवर बसली. रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती उलट समजुतीनंच बोलायला लागली.

"बरं, जाऊ दे. गेलं ते गेलं. पण तू तपासलंस ना? म्हणजे पाहिलंस. मग तूच सांग मला. काय म्हणाली आई?"

त्यानं सुरुवात पाहिली होती, मध्ये एकदा डोकावून घेतलं होतं, शेवट पाहिला होता. चित्र कुठं अडकत नाही ना, एवढंच. शेजारच्या टेबलांना त्रास नको म्हणून स्पीकर बंद.

"ओठ..." तो म्हणाला. "ओठ अगदी नीट हलत होते."

ताईनं त्याच्या हातातून सीडी काढून घेतली, पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये ठेवलं.

"म्हणजे आईचं सगळं म्हणणं कळलं ते त्या एका डबड्याला," ती म्हणाली. "किती मार्क दिलेस रे त्याला?"

"दहापैकी नऊ."

"एक कशाचा कापलास?"

त्यानं खाली बघितलं. खोटं सांगावं म्हटलं तर तेही सुचेना.

"चालताना फार कुरकुरतो म्हणून."