पठाराचं फाटक

"मंगळवारी सकाळच्या बसनं निघते, दुपारपर्यंत रेक्याविकला पोचते," ऑदनी फोनवर सांगत होती. "बुधवारी डोळ्याचं ऑपरेशन. गुरुवारी पडून राहायचं. शुक्रवारी तळ्यावरची बदकं बघायची, आणि शनिवारी परत. चारच रात्री. तुझ्याकडे ती शिवणयंत्राची खोली आहे ना, तिच्यातसुद्धा चालेल मला."

बेत अगदी पक्का होता. ऐंशीच्या घरातल्या बाईनं तो वहीत लिहून काढला असावा. मध्येच पान उलटल्याचा आवाज आला.

सिंद्रीनं समोर पाहिलं. त्याची बायको व्हेदीस कॉफीचा कप धरून बसली होती. तिनं नुसती भुवई उचलली. तीन वर्षांपूर्वी ऑदनी आली, तेव्हा तिच्या स्वेटरबरोबर मेंढवाड्याचा वासही चार दिवस मुक्कामाला होता. आणि ह्या खेपेला तर नेमक्या त्याच शुक्रवारी सिंद्रीच्या कचेरीतली बडी मंडळी जेवायला यायची होती.

खरं तर सिंद्रीला त्या वासाचं वावडं असायचं काही कारण नव्हतं. सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंतचा प्रत्येक उन्हाळा त्यानं ऑदनीच्या शेतावर काढला होता. शहरातली पोरं तेव्हा अशीच शेतावर धाडत. आईच्या आठवणीनं रडू आलं की तो ह्याच वासात तोंड खुपसून झोपायचा.

"अगं, नेमके त्या आठवड्यात आम्ही नाही इथं," तो म्हणाला.

"होय? कुठं निघालात?"

थाप मारायची तर आधी जुळवून ठेवावी. सिंद्रीनं तोंडाला येईल ते सांगितलं. "पठारावर. मुलांना घेऊन. गरम झऱ्यांपाशी तंबू ठोकणार आहोत."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. मे महिना चालला होता. पठाराचा रस्ता ऑदनीच्या शेतापासूनच वर चढतो, आणि बर्फ वितळून वाट सुकेपर्यंत, म्हणजे पार जून संपेपर्यंत, त्याचं फाटक बंद असतं. किल्ली ऑदनीच्या नवऱ्याकडे, थोर्ग्रिमकडे. लहानपणी सिंद्री रोज त्या फाटकावर चढून बसायचा आणि आज उघडणार का, आज उघडणार का, म्हणून थोर्ग्रिमला भंडावून सोडायचा. साऱ्या देशात ही थाप जिच्यापुढे चालणार नाही, तिलाच त्यानं ती मारली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बरं," ऑदनी म्हणाली. "गार असतं हं तिथं. पोरांना लोकरीचे मोजे घाल."

"पण मग तू राहशील कुठं?"

"माझं होईल रे कुठंतरी. तू जपून जा."

तिनं फोन ठेवला, पण तो नीट बसला नाही. शेतावर अजून ते जुनंच यंत्र होतं. सिंद्रीनंही कानापासून फोन काढला नाही. थोर्ग्रिमला कमी ऐकू येतं, म्हणून त्या घरात सगळं ओरडूनच चालतं.

"काय म्हणाला पोरगा?"

"चार काय, आठ दिवस राहा म्हणाला असता. पण पठारावर चाललेत सगळे."

"पठारावर? अगं, कमरेएवढा बर्फ आहे वर. फाटकाला कुलूप आहे."

व्हेदीसलाही ते ऐकू गेलं. तिनं कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"ठाऊक आहे मला," ऑदनी म्हणाली. "तू आपली ती किल्ली दाराशी खिळ्याला टांगून ठेव. आलंच पोर, तर फाटकापाशी ताटकळायला नको."